एपॉक्सी जिथे हार खाते

अमेरिका-कॅनडात मोटारीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या घराला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. त्याच्या पोटाखाली सहसा तीन टाक्या असतात: वापरायच्या पाण्याची, मोरीच्या सांडपाण्याची आणि शौचालयाची. पहिलीला तडा गेला की बरेच जण एपॉक्सी हे चिकटद्रव्य लावून मोकळे होतात. काही दिवसांत ते खपलीसारखे सुटून येते आणि पाणी पुन्हा ठिबकू लागते.

दोष बहुतेकदा हाताचा नसतो, रेणूंचा असतो. ही टाकी बहुधा पॉलिएथिलीनची असते. आपल्या गच्चीवरची काळी टाकीही त्याच प्लास्टिकची. त्याच्या लांबलचक साखळ्यांत फक्त कार्बन आणि हायड्रोजन. त्यामुळे चिकटणाऱ्या पदार्थाला पकड घ्यायला पृष्ठभागावर काही सापडतच नाही. सांडपाण्याच्या टाक्या मात्र पुष्कळदा एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकच्या असतात. त्यांना लावायचे ‘सिमेंट’ नावाचे चिकटद्रव्य दोन्ही पृष्ठभाग विरघळवून रेणू एकमेकांत मिसळवते आणि सांधा एकजीव होतो.

म्हणून आधी प्लास्टिक ओळखावे. टाकीच्या जाड कडेवरून चाकूने नखाएवढी ढलपी काढून पेलाभर पाण्यात बुडवून सोडावी. पॉलिएथिलीन पाण्यापेक्षा हलके, ते वर येते. एबीएस तळाशी बसते. इतकी स्वस्त आणि खात्रीची चाचणी करण्याचा आळस मला तरी समजत नाही.

पॉलिएथिलीनला भरवशाचा उपाय म्हणजे वितळवून सांधणे. पण त्याआधी तडा थांबवायला हवा. 150 लिटरची भरलेली टाकी म्हणजे 150 किलोचे ओझे. अर्धवट भरलेली असली, तर ब्रेक दाबताच पाणी हिंदकळते आणि फिटिंगच्या भोकांवर, आधाराच्या पट्ट्यांवर ताण येतो. ब्रिटिश अभियंता चार्ल्स इंग्लिस यांनी 1913 मध्ये गणिताने दाखवले, की ताणलेल्या पत्र्यातल्या गोल भोकाच्या कडेला सरासरीच्या तिप्पट ताण असतो आणि भेगेच्या अणकुचीदार टोकाशी त्याहून कितीतरी जास्त. म्हणून तड्याच्या दोन्ही टोकांना ड्रिलने बारीक गोल भोक पाडतात. मग टाकी पूर्ण कोरडी करून तड्यावर इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच कोरायची आणि त्याच प्लास्टिकची कांडी गरम हत्याराने तिच्यात भरायची. खाचेच्या कडाही सोबत वितळल्या पाहिजेत, नाहीतर कांडी नुसती वर बसते. धूर निघाला तर प्लास्टिक जळते आहे.

दुरुस्तीनंतर जंतू मारण्यासाठी दर 60 लिटर पाण्याला सुमारे 60 मिलिलिटर बिनवासाचे साधे ब्लीच घालून टाकी भरतात, नळांतूनही ते पाणी खेळवतात, काही तास ठेवतात आणि वास जाईपर्यंत धुतात. व्हिनेगर त्यात कधीही मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो.

थंडीच्या मुलखात खरी काळजी हिवाळ्याआधीची. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते आणि टाक्या-नळ्या फोडू शकते. म्हणून टाक्या आणि गिझर रिकामे करून नळ्यांतून गुलाबी रंगाचे, प्रॉपिलीन ग्लायकॉलचे न गोठणारे द्रावण फिरवतात. रेडिएटरमधले एथिलीन ग्लायकॉल विषारी असते, ते इथे चालत नाही. दुरुस्तीबद्दल शेवटचे एक: तडा थेट फिटिंगच्या मुळाशी असेल, तर सांधत बसू नये, टाकी बदलावी.