एक नदी, तीन विषय : उच्च प्राथमिक वर्गांतील विज्ञान, इतिहास व भूगोल

इयत्ता सहावी ते आठवीच्या वर्गांत सामान्य विज्ञान, इतिहास व भूगोल हे विषय निरनिराळ्या पुस्तकांच्या द्वारे शिकविले जातात. त्यांच्या तासिका वेगळ्या आणि प्रश्नपत्रिकाही वेगळ्या. अध्यापनाच्या सोयीसाठी ही विभागणी आवश्यकच आहे. परंतु तिच्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनात नकळत एक समज रुजतो. विज्ञान प्रयोगशाळेत असते, इतिहास गडकिल्ल्यांवर घडतो, भूगोल भिंतीवरील नकाशात असतो आणि आपल्या शिवाराशी या तिघांचेही काही नाते नाही, असे त्यांस वाटू लागते. 'पर्जन्यछायेचा प्रदेश' याची व्याख्या बिनचूक लिहिणारा मुलगा आपण स्वतः त्याच प्रदेशात राहतो हे सांगू शकत नाही, तेव्हा व्याख्या पाठ झाली पण ज्ञान झाले नाही, असेच म्हणावे लागते.

हे अंतर कसे मिटविता येईल, हे पाहण्यास माढा तालुक्यातील टेंभुर्णीचे उदाहरण उपयोगी पडेल. पुणे-सोलापूर महामार्गावरील या गावाजवळच भीमा नदीवर उजनी धरण उभे आहे. ते १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास यशवंतराव चव्हाण यांच्या नावावरून यशवंतसागर म्हणतात. परिसरातील ऊस, बाजारपेठ, कारखाने आणि घराघरांतील बोलणे या सर्वांच्या मुळाशी हे पाणी आहे. म्हणून वर्गापुढे एकच प्रश्न ठेवावा : हे पाणी आले कोठून, ते टिकते कसे आणि त्याची किंमत कोणी दिली? यातील पहिल्या भागाचे उत्तर भूगोल देतो, दुसऱ्याचे विज्ञान देते आणि तिसऱ्याचे इतिहास देतो.

पाणी आले कोठून?

भीमा नदी सह्याद्रीत भीमाशंकर येथे उगम पावते, आग्नेय दिशेस वाहत जाते आणि सुमारे ८६० किलोमीटरांचा प्रवास करून कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेस मिळते. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीस अडून वर चढतात. वर चढताना हवा थंड होते, बाष्पाचे ढग बनतात आणि घाटमाथ्यावर अनेक ठिकाणी वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तीच हवा पूर्वेकडे उतरू लागली की उबदार व कोरडी होते. त्यामुळे टेंभुर्णीच्या बाजूस वर्षाकाठी सुमारे ५०० ते ६०० मिलिमीटर पावसावरच भागवावे लागते. पुस्तकातील 'प्रतिरोध पर्जन्य' व 'पर्जन्यछाया' या दोन संज्ञांचा अर्थ एवढाच आहे.

याचा पडताळा मुलांस दरवर्षी मिळतो. श्रावणात टेंभुर्णीचे आकाश कोरडे असते, विहिरींस पाणी नसते आणि तरीही उजनी भरू लागते. पाऊस पडतो तो मावळात व पुण्याच्या पश्चिमेस. इंद्रायणी, भामा, मुळा-मुठा, घोड या नद्यांतून तो भीमेत उतरतो आणि दौंडवरून खाली येतो. 'दौंड येथील विसर्ग' ही वृत्तपत्रांतील ओळ त्यासाठीच महत्त्वाची असते. मुलांनी पुणे व सोलापूर जिल्ह्यांचा नकाशा घेऊन या नद्या निळ्या पेन्सिलीने गिरवाव्यात. वृत्तपत्रातील विसर्गाचा आकडा रोज फळ्यावर लिहावा आणि त्याखाली शाळेतील पर्जन्यमापकाचा आकडा लिहावा. महिनाभरात दोन्ही रांगांची तुलना केली म्हणजे पर्जन्यछाया निराळी शिकवावी लागत नाही.

नकाशा धरणापाशी थांबवू नये. धरणाच्या खाली नीरा नदी नरसिंहपूर येथे भीमेस मिळते. पुढे पंढरपुरास हीच भीमा चंद्रकोरीसारखे वळण घेते आणि चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. उजनीतून पाणी सोडलेले नसतानाही पंढरपूरच्या वाळवंटात पाणी कसे चढते, असा प्रश्न मुलांस विचारावा. नीरेच्या खोऱ्यातील पाऊस पाहिल्यावर त्याचे उत्तर ती स्वतःच देतील.

आपले स्थान मोजण्यास एक सरळ काठी पुरते. टेंभुर्णी सुमारे १८° उत्तर अक्षांशावर व ७५° १२′ पूर्व रेखांशावर आहे. भारताची प्रमाणवेळ ८२° ३०′ पूर्व रेखावृत्तावरून ठरते. एका अंशास ४ मिनिटे या हिशेबाने हा फरक सुमारे २९ मिनिटांचा होतो. म्हणून मैदानात रोवलेल्या काठीची सर्वांत आखूड सावली येथे घड्याळाच्या बारा वाजता पडत नाही, तर सरासरीने साडेबाराच्या सुमारास पडते. ऋतुमानाप्रमाणे यात काही मिनिटांचा फेर होतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या अखेरीस एकेक दिवस असा येतो की, त्या क्षणी काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. मेमध्ये शाळेस सुट्टी असते आणि जुलैत ढग असतात. तरी घरच्या अंगणात हा प्रयोग करण्यास मुलांस सांगण्यास हरकत नाही.

पाणी टिकते कसे?

धरणाची भिंत सुमारे ५६ मीटर उंच आहे. ती पायाशी रुंद व माथ्याशी अरुंद का, याचे उत्तर रिकाम्या डब्यास वर, मध्ये व खाली अशी तीन भोके पाडून मिळते. डबा भरला की खालच्या भोकातील धार सर्वांत जोराने येते. पाण्याच्या दर १० मीटर खोलीस प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका दाब वाढतो, हा हिशेब त्यानंतर सांगावा. आधी धार पाहिलेल्या मुलास तो पाठ करावा लागत नाही.

उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २.८३ कोटी घनमीटर. पूर्ण भरल्यावर जलाशय सुमारे ३३७ चौरस किलोमीटरांवर पसरतो. साठ्यास क्षेत्रफळाने भागल्यास सरासरी खोली जेमतेम १० मीटर येते, आणि हे गणित आठवीचा विद्यार्थी सहज करू शकतो. म्हणजे हा जलाशय विस्ताराने मोठा पण उथळ आहे. एक तांब्या पाणी परातीत ओतावे, दुसरा तांब्या तसाच भरलेला ठेवावा आणि दोन्ही दोन दिवस उन्हात राहू द्यावेत. परातीतील पाणी अधिक का आटले, हे उमगले की उन्हाळ्यात उजनीचे किती पाणी आकाशात जात असेल याची मुलांस कल्पना येते.

'उजनी उणे पन्नास टक्के' अशी बातमी उन्हाळ्यात वारंवार येते. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा त्याहूनही खाली गेला होता. शून्याखाली पाणी असते तरी कसे, असा प्रश्न मुलांस पडतो आणि तो अगदी योग्य आहे. एकूण साठ्यापैकी सुमारे ५३.५ टीएमसी उपयुक्त साठा आहे व सुमारे ६३.५ टीएमसी मृतसाठा आहे. पाण्याची पातळी नेहमीच्या वापरासाठी ठरविलेल्या किमान पातळीखाली गेली की टक्केवारी उणे चिन्हाने लिहितात आणि ती उपयुक्त साठ्याच्या प्रमाणात मोजतात. उणे ५० टक्के म्हणजे मृतसाठ्यातून सुमारे २७ टीएमसी कमी झाले आणि कागदोपत्री सुमारे ३७ टीएमसी उरले. त्यातही काही जागा गाळाने व्यापलेली असते. हे समजलेला विद्यार्थी घरी वडीलधाऱ्यांस बातमीचा अर्थ सांगू शकतो. त्याच्या शिकण्याचा घरास झालेला हा पहिला उपयोग होय.

पाणी टिकविण्याइतकेच जमीन टिकविणेही महत्त्वाचे आहे. या भागातील काळी माती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाच्या खडकापासून, म्हणजे बेसॉल्टपासून, बनली आहे. ती पाणी धरून ठेवते, हा तिचा गुण होय. पण निचरा नसलेल्या शेतात सतत पाणी भरले की तोच गुण दोष ठरतो. मिठाच्या पाण्यात वीट उभी ठेवावी. पाणी विटेतून वर चढते, उन्हाने उडून जाते आणि विटेवर पांढरा थर उरतो. हेच केशाकर्षण शेतात घडते आणि जमीन क्षारपड होते. मुलांनी परिसरात असे पांढरे वाफे शोधावेत व त्यांची नोंद करावी. ज्या मुलांच्या हाती उद्या ही जमीन यायची आहे, त्यांस हा पाठ पुस्तकात शेवटी आला म्हणून गाळला जाऊ नये.

किंमत कोणी दिली?

२०१६ ते २०१८ या काळात आलेल्या पाठ्यपुस्तकांत सहावीस प्राचीन, सातवीस मध्ययुगीन व आठवीस आधुनिक भारताचा इतिहास असा क्रम होता. इतिहासाची साधने भौतिक, लिखित व मौखिक अशी तीन प्रकारची असतात, हा धडा मात्र कोणत्याही इयत्तेत प्रथम शिकवावा असाच आहे. भीमेच्या काठी ही तिन्ही साधने हाताशी आहेत.

जलाशयात पुणे, सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील गावे व शेते बुडाली. इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील जुने देऊळ पाणी फार ओसरले की उघडे पडते. हे भौतिक साधन झाले. जमिनीचे जुने उतारे, नकाशे, संपादनाच्या नोटिसा आणि महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा १९७६ चा कायदा ही लिखित साधने झाली. ज्यांनी गाव सोडले त्या आजी-आजोबांच्या आठवणी हे मौखिक साधन होय. ती माणसे आता वृद्ध झाली आहेत. देवळाचे दगड पुढच्या उन्हाळ्यातही दिसतील, पण आठवण सांगणारा माणूस असेलच असे नाही. म्हणून हे काम विद्यार्थ्यांनी याच वर्षी करावे. जुन्या गावाची वेस कोठे होती, विहिरी कोणाच्या होत्या, जनावरांचे काय झाले, नवी जमीन कोठे मिळाली, की मिळालीच नाही, असे साधे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. विस्थापित कुटुंबातील मुलास त्याच्या इच्छेविरुद्ध वर्गासमोर बोलावयास लावू नये.

त्याचबरोबर १९७२ च्या दुष्काळाच्याही आठवणी गोळा कराव्यात. खडी फोडून ज्यांनी ते वर्ष काढले, त्यांस धरण का हवे होते हेही मुलांस कळले पाहिजे. एकाच्या शिवारास पाणी मिळाले आणि दुसऱ्याचे शिवार पाण्याखाली गेले, या दोन्ही गोष्टी सत्य आहेत. दोन्ही बाजू ऐकून पुराव्यानिशी मत बनविणे हीच इतिहासाची व नागरिकशास्त्राची खरी शिकवण होय.

दंतकथा व पुरावा यांतील भेदही येथेच शिकविता येतो. बहामनी काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे भुकेल्यांस खुली केली, अशी कथा घरोघरी सांगितली जाते. ती आदरानेच सांगावी. त्यातील कोणता भाग श्रद्धेचा आहे आणि दुष्काळ, कोठारे व राज्यकारभार यांविषयी तीतून काय कळते, एवढे मात्र वेगळे करून दाखवावे. उलट, १६९५ ते १६९९ या काळात भीमेकाठी ब्रह्मपुरी-माचणूर येथे औरंगजेबाची छावणी होती, यास लिखित आधार आहेत. प्रचंड छावणीस पाणी लागते, म्हणून ती नदीकाठी पडते. असे सांगितले की इतिहास पुन्हा भूगोलास येऊन मिळतो.

वर्गातील नवा विद्यार्थी

गळीत हंगामात ऊसतोड कामगारांची मुले या भागातील शाळांत येतात आणि हंगाम संपताच परत जातात. ती अभ्यासात मागे आहेत असे समजून त्यांस शेवटच्या रांगेत बसविणे सोपे असते. परंतु ज्या मुलाने दरवर्षी डोंगराळ कोरडवाहू गावापासून उसाच्या फडापर्यंत प्रवास केला आहे, त्यास स्थलांतर, पीकपद्धती व पाऊसमान यांचे ज्ञान अनुभवाने झालेले असते. त्याच्या गावी कोणती पिके निघतात, विहिरीस पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते आणि घर का सोडावे लागते, हे त्याने सांगावे व इतरांनी नकाशावर दाखवावे. त्या तासापुरता तोच वर्गाचा शिक्षक होतो, आणि मग हंगामभर शाळेत येण्यास त्याला एक कारण मिळते.

या पद्धतीस जादा खर्च लागत नाही. काठी, डबा, परात, वीट, नकाशा व एक वही एवढी सामग्री पुरते. जलाशयाकाठी क्षेत्रभेट नेताना मुख्याध्यापकांची परवानगी व पालकांची सोबत असावी आणि मुलांस पाण्यात उतरू देऊ नये. चाचणीत मात्र थोडा बदल करावा लागेल. 'पर्जन्यछाया म्हणजे काय?' या प्रश्नाऐवजी 'टेंभुर्णीत पाऊस नसताना उजनी का भरते?' असे विचारावे. 'इतिहासाची साधने कोणती?' याऐवजी 'बुडालेल्या गावाची माहिती कशी मिळवाल?' असे विचारावे. उत्तर पुस्तकातील शब्दांत आले नाही म्हणून गुण कापू नयेत. मुलाने ते आपल्या शब्दांत लिहिले असेल, तर तो विषय त्यास समजला आहे, असे खुशाल मानावे.