राष्ट्रप्रतीके व ख्रिस्ती ईश्वरप्रेम

ध्वज, राष्ट्रगीत, राजमुद्रा इ. राष्ट्रप्रतीकांविषयीचा आदर आणि ईश्वराविषयीची अनन्य भक्ती यांच्या परस्परसंबंधाचा ख्रिस्ती धर्मविचारातील ऊहापोह. नव्या करारात ईश्वरी प्रेमासाठी ‘अगापे’ ही ग्रीक संज्ञा येते. हे प्रेम पात्रापात्रता पाहत नाही. ते ईश्वराकडून माणसाकडे येते व माणसाने ते शेजाऱ्यापर्यंत, किंबहुना शत्रूपर्यंतही पोहोचवावयाचे असते. त्यास राष्ट्राची सीमा नाही. त्यामुळे राष्ट्राच्या चिन्हास कोणता मान द्यावा, हा प्रश्न ख्रिस्ती समाजापुढे प्रारंभापासून उभा आहे.

कैसरास कर देण्याविषयी विचारले असता, येशूने नाण्यावरील मुद्रेकडे लक्ष वेधून राज्याचे देणे व ईश्वराचे देणे यांत भेद केला. आरंभीचे ख्रिस्ती लोक सम्राटासाठी प्रार्थना करीत. मात्र त्याच्या प्रतिमेपुढे धूप जाळण्यास नकार देत. रोमन प्रांताधिपती धाकटा प्लिनी याने सम्राट ट्रेजन यास सु. ११२ मध्ये लिहिलेल्या पत्रात या कसोटीचा व आपला धर्म न सोडणाऱ्यांना दिलेल्या देहदंडाचा उल्लेख आहे. पुढे ख्रिस्ती राज्ये उदयास आली, क्रूस अनेक ध्वजांवर आला आणि हा भेद पुसट झाला. नाझी राजवटीतील जर्मनीत १९३४ च्या बार्मेन घोषणेने तो पुन्हा स्पष्ट केला.

महाराष्ट्रात या प्रश्नास वासाहतिक सत्तेची पार्श्वभूमी होती. मुंबईतील कुलाब्याचे अफगाण चर्च (१८५८) हे पहिल्या अफगाण युद्धातील मृतांचे स्मारकही होते. तेथे उपासना व साम्राज्याचा गौरव एकत्र आले. याउलट रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्तभक्तीस अभंगाचे रूप दिले आणि धर्मांतरानंतरही देशभक्तिपर काव्य लिहिले. १९१७ मध्ये त्यांनी स्थापन केलेला ‘देवाचा दरबार’ बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही खुला होता. ख्रिस्तप्रेम व स्वदेशप्रेम यांत त्यांना विरोध दिसला नाही.

स्वतंत्र भारतात १५ ऑगस्ट हा स्वातंत्र्यदिन कॅथलिकांच्या मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाशी जुळतो. त्यामुळे अनेक ठिकाणी मिस्सा व ध्वजवंदन एकाच दिवशी होतात. तथापि यहोवाचे साक्षीदार हा पंथ राष्ट्रगीत गाणे उपासनेसमान मानून टाळतो. केरळमध्ये १९८५ साली या पंथाच्या तीन विद्यार्थ्यांना शाळेतून काढण्यात आले. ते राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहत, परंतु गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. आदर व उपासना यांतील प्राचीन भेदाला येथे एका परीने कायद्याचा आधार मिळाला.

प्रश्नाची दुसरी बाजू समाजाच्या स्वीकाराची आहे. ध्वजाप्रमाणे भाषाही सर्वांचा समाईक वारसा असते. जानेवारी २०२० मध्ये धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी सुबोध बायबलचे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू असल्याने काहींनी आक्षेप घेतला. तरी संमेलन त्यांच्याच अध्यक्षतेखाली पार पडले. संत गोरा कुंभार यांचे तेर याच जिल्ह्यात आहे. घडा घडविता घडविता विठ्ठलाचे नाम घेणाऱ्या संताच्या या भूमीत ख्रिस्ती धर्मगुरूस मिळालेला मान, ईश्वरप्रेम व सामाईक निष्ठा एकत्र नांदू शकतात याचा निदर्शक होय.