पॅनलच्या पाठीवरची पेटी

संपादकांनी सांगितलं ते एवढंच: "घरोघरी सौर वीज येतेय म्हणतात, शहापूरकडे जाऊन बघून ये." त्यांना आकडे लागतात, म्हणून ते आधी उरकतो. प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. लक्ष्य एक कोटी घरांचं आणि तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, असं जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळतं. आपल्याकडच्या उन्हात एका किलोवॅटमागे महिन्याला सरासरी शंभर ते एकशेवीस युनिट वीज मिळते. त्याच वर्षी पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली.

यावर कोणीही लेख लिहील. मला अडवलं ते उंबरमाळीजवळच्या एका छपरावर, पॅनलच्या पाठीला लावलेल्या, जाड वहीएवढ्या एका करड्या पेटीने.

कसारा लोकलने खर्डी मागे टाकलं की कसाऱ्याच्या आधी उंबरमाळी येतं. आजूबाजूला सागाचं रान आणि भातखाचरं, पुढे थळ घाटाचा चढ. २१ जुलै २०२१ च्या रात्री इथे असा पाऊस झाला की स्थानकातले रूळ पाण्याखाली गेले आणि घाटातली वाहतूक थांबली. मुंबईच्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं पाणी याच शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणातून जातं आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतात. त्यामुळे 'आता तुम्हाला फुकट' असं कोणी म्हणालं की इथली माणसं आधी बोलणाऱ्याकडे नीट पाहून घेतात.

डीसी आणि एसी यांचा व्यवहारही या खोऱ्याला जुना आहे. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे तीच वीज घाट चढून इगतपुरीला पोचली. कितीतरी दशकं हा मार्ग डीसीवर चालला आणि मग टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसीवर आला. तो बदल करायला रेल्वेला उपकेंद्रं उभारावी लागली, इंजिनं बदलावी लागली. मी पाहिलेल्या छपरावर प्रत्येक प्लेट, म्हणजे पॅनल, आपल्यापुरता तोच उद्योग करते.

सौर पॅनलमधून निघते ती डीसी वीज. साडेपाचशे वॅटच्या पॅनलला भर उन्हात चाळीस व्होल्टच्या आसपास दाब असतो. नेहमीच्या पद्धतीत असे आठ-दहा पॅनल एकापुढे एक जोडतात. तीन-चारशे व्होल्टची डीसी केबल भिंतीवरून खाली येते आणि जिन्याखाली टांगलेला एकच मोठा इन्व्हर्टर तिची २३० व्होल्ट एसी करतो. माळेत जोडलेल्या सगळ्या पॅनलमधून एकच प्रवाह वाहतो, त्यामुळे एकावर सावली पडली की बाकीच्यांना तिची झळ लागते. एका पानाने सगळी माळ झोपते हे मात्र विक्रेत्यांचं बोलणं. आजच्या पॅनलमध्ये बायपास डायोड असतात आणि प्रवाह सावलीतला भाग टाळून पुढे जातो. तरी तोटा होतोच, आणि घराशेजारी आंबा असेल तर तो रोज होतो.

पाठीवरच्या पेटीत, म्हणजे मायक्रोइन्व्हर्टरमध्ये, हा हिशेब प्लेटेपुरता राहतो. प्रत्येक पॅनल स्वतःची एसी वीज करून सामाईक केबलमध्ये टाकतो. आंब्याखालची प्लेट कमी कमावते, टाकीजवळची आपली पूर्ण कमावते. दुसरा फायदा सुरक्षेचा. डीसीची ठिणगी एकदा पेटली की सहजी विझत नाही. पन्नास हर्ट्झची एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे तिची ठिणगी तुटते. छपरावर चारशे व्होल्ट डीसी नसणं ही लाकडी वाशांच्या घराला मोठी गोष्ट आहे.

ही कल्पना नवी नाही. १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये अशा पेट्या बनत होत्या, पण बाजार जमला नाही. कॅलिफोर्नियात मार्टिन फोर्नाज आणि भारतीय वंशाचे रघू बेलूर यांनी २००६ मध्ये एन्फेज कंपनी काढली. तिची पहिली पेटी २००८ मध्ये बाजारात आली आणि त्यानंतर धंदा उभा राहिला. काही कारखाने पेटी पॅनलला चिकटवूनच पाठवतात, तर काही ठिकाणी ती जागेवर येऊन बसवतात. उंबरमाळीजवळच्या ज्या घरावर मी हे काम पाहिलं तिथे दुसरा प्रकार होता.

घर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींचं. पुढे मंगलोरी कौलं, मागे दोन खोल्यांवर स्लॅब, बाजूला गोठा. सहा प्लेटा बसवायच्या होत्या. बसवणारा तरुण आयटीआयचा वायरमन आणि नंतर सूर्यमित्र प्रशिक्षण घेतलेला. २०१५ पासून केंद्राच्या योजनेत अशी मुलं तयार होतात. नाव छापू नका म्हणाला. "कंपनीवाले उगाच विचारत बसतात, सर."

पॅनल आधी चढतात असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात ते शेवटी येतात. आधी गॅल्व्हनाइज्ड सांगाडा, दक्षिणेकडे वीस अंशांच्या आसपास उतार. मेच्या मध्यानंतर काही आठवडे इथे भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला जातो, पण वर्षभराचा विचार केला तर दक्षिणच सोयीची. मग रेलवर सहा पेट्या बोल्टने आवळल्या. त्यांच्यामधून जाड एसी केबल ओढली. तिचं शेवटचं तोंड टोपीने बंद केलं. प्रत्येक जोडापाशी त्याने केबलला खाली एक झोल दिला आणि मगच केबल टाय ओढला. पाणी केबलवरून ओघळत जोडात शिरू नये, झोलाच्या तळाशी ठिबकून जावं, यासाठी. सांगाड्याचं अर्थिंग मीटरने मोजलं. आकडा पसंत पडेना, तेव्हा खड्ड्यात पाणी ओतलं, रॉडचा क्लॅम्प खोलून घासला आणि पुन्हा मोजलं.

सगळ्यात जास्त वेळ त्याने घालवला तो एका कागदावर. प्रत्येक पेटीला सोलून काढता येईल असं अनुक्रमांकाचं स्टिकर असतं. पॅनल वर ठेवला की पेटी दिसेनाशी होते, म्हणून आधीच स्टिकर काढून छपराच्या नकाशावर त्या-त्या चौकोनात चिकटवायचं. कंपनीच्या छापील कागदावर उत्तर दिशेचा बाण होता. त्याने त्याला हात लावला नाही. वरच्या कडेला 'आंबा' लिहिलं, डावीकडे 'टाकी', खाली 'गोठा'.

"ॲपमध्ये दिसतं चौथी प्लेट मेलीय. पण चौथी कुठून चौथी? टाकीकडून की आंब्याकडून? फोनवर गुरुजींना उत्तर-दक्षिण विचारत बसू काय?"

गुरुजी तिथेच होते. "उत्तर-दक्षिण मी चाळीस वर्षं शिकवलीय."

"तुमचं ठीक आहे हो गुरुजी. पण फोन उचलणार काकू."

कागदाच्या तीन प्रती झाल्या. एक फोटो त्याच्या मोबाइलमध्ये, एक रेशनकार्डाच्या पिशवीत. तिसरी लॅमिनेट करून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवली, कारण साधा कागद वाळवी खाते. सहा प्लेटांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं मला आधी वाटलं. मग एक पॅनल हातात धरायला लावला त्याने. दोन मीटरहून लांब, एक मीटरहून रुंद, वजन सव्वीस-अठ्ठावीस किलो. मधल्या रांगेतली पेटी बिघडली तर क्लॅम्प सोडून असं धूड उचलावं लागतं, तेही आधी मेन बंद करून, मग एसीचा जोड, मग डीसीचा, याच क्रमाने. चुकीची प्लेट उचलली की अर्धा दिवस गेला.

इथपर्यंत मी खूश होतो. पण काम नीट झालं म्हणजे वीज मिळालीच असं नाही, हे जेवताना कळायला लागलं. जेवण चालू असताना लाइट गेली. वर उन्हात सहा प्लेटा तापत होत्या आणि खाली पंखा थांबला.

हा दोष नाही, नियमच तसा आहे. लाइन मेली असताना छपरावरून तिच्यात वीज गेली तर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. म्हणून बाहेरची वीज गेली की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर गप्प बसतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे दाब ठरलेल्या २३० व्होल्टच्या ११० टक्क्यांवर गेला किंवा ८० टक्क्यांखाली आला तरी दोन सेकंदांत थांबायचं आणि सगळं स्थिर झाल्यावर किमान ६० सेकंद वाट पाहून मगच पुन्हा जोडायचं. शहरात हे कळतही नाही. पण घाटाच्या तोंडाशी, जिथे पावसात फांदी पडून झंपर, म्हणजे खांबावरचा तारेचा जोड, तुटतो किंवा डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, डीओ फ्यूज उडतो, तिथे गावकऱ्याचा सरळ प्रश्न असतो: लाइट गेल्यावर जी चालत नाही ती सोलार कसली? बॅटरीसह घरापुरती वीज चालू ठेवणारी यंत्रणा मिळते, पण खर्च बराच वाढतो. विकताना ही गोष्ट सांगितली जातेच असं नाही. हा तरुण सांगतो आणि त्यामुळे काही गिऱ्हाइकं जातात, असंही सांगतो.

दुसरी अडचण तारेच्या लांबीची. डीपीपासून दूरच्या घराने दुपारी वीज लाइनमध्ये ढकलायची तर आपल्याकडचा दाब थोडा वर न्यावा लागतो. तार बारीक आणि लांब, आसपास वापर कमी, की दाब २५३ ओलांडतो आणि सहाच्या सहा पेट्या आपणहून बंद होतात. मिनिटाने परत चालू, परत बंद. ऊन सगळ्यात कडक असतं तेव्हाच हा खेळ चालतो. प्लेट चांगली, पेटी चांगली, तरी युनिट नाहीत. यावर इलाज जाड केबल आणि डीपीवरच्या दुरुस्तीचा. पहिला पैशांचा आहे, दुसरा अर्जांचा.

मग उष्णता. एप्रिलमध्ये पॅनलचं तापमान साठ-पासष्ट अंशांवर जातं आणि पेटी त्याच्याच पाठीशी. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा जुना ठोकताळा आहे की दहा अंश वाढले की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. म्हणूनच चांगल्या पेट्यांत भारी भाग घालतात आणि काही कंपन्या २५ वर्षांपर्यंत हमी देतात. पण पॅनल आणि स्लॅब यांच्यामधली सावलीची फट गांधीलमाश्यांनाही आवडते. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात त्या दिवसांत काचेवर राखेचा थर बसतो. वीटभट्टी जवळ असेल तर वर्षातले कित्येक महिने धूळ. सकाळी काच थंड असताना साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसायचं, एवढंच काम. पण बोअरचं जड पाणी पांढरे डाग सोडतं, आणि ज्या महिन्यांत पुसायची गरज असते त्याच महिन्यांत पाणी विकत घ्यावं लागतं.

पाऊस सुरू झाला की काच आपोआप धुतली जाते आणि उत्पन्नही घसरतं. जिन्याखालचा मोठा इन्व्हर्टर जुलैत बिघडला तर छत्री धरून बघता येतो. शेवाळलेल्या स्लॅबवर किंवा पत्र्यावर अठ्ठावीस किलोचा पॅनल कोण उचलणार? एक पेटी मेली तर फक्त सहावा हिस्सा जातो, उरलेल्या पाच चालू राहतात, हा मायक्रोइन्व्हर्टरचा मोठा गुण. पण त्याच गुणामुळे मेलेली पेटी दिवाळीपर्यंत तशीच राहते. ॲपमध्ये एक चौकोन काळा दिसतो, तोही इंटरनेट असेल तर. शिवाय काही पेट्या माहिती घरातल्याच विजेच्या तारांमधून पाठवतात. घरात स्वस्तातले एलईडी दिवे असले की त्यांच्या गोंगाटात ती हरवते आणि धडधाकट प्लेटही मेलेली दिसते.

अनुदानाच्या करारात बसवणाऱ्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. पंचवीस वर्षांच्या यंत्राचे पहिले पाच पावसाळे झाले. पुढच्या वीस पावसाळ्यांत ते मॉडेल बंद झालेलं असेल, जोडाचा आकार बदललेला असेल आणि हमीची पेटी फुकट आली तरी ती वर चढवण्याची मजुरी हमीत बसेलच असं नाही.

यावर उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. मुरबाडहून माळशेज घाट चढला की जुन्नर तालुका लागतो. तिथल्या दरेवाडीत पुण्याच्या ग्रामऊर्जा संस्थेने २०१२ मध्ये ९.४ किलोवॅटचं सौर केंद्र उभारलं आणि त्यावर ३९ घरं जोडली. यंत्रणा वेगळी होती, बॅटरीवाली आणि ग्रिडपासून तुटक. उचलण्यासारखी आहे ती तिची व्यवस्था. सगळे पॅनल जमिनीवर, एका जागी. घरोघरी मीटर, बिलाचा पैसा गावाच्या ट्रस्टकडे, आणि रोजची देखभाल गावातल्याच शिकवलेल्या तरुणांकडे. बॅटरी कधीतरी मरणार हे गृहीत धरून त्यासाठी पैसा बाजूला पडत राहावा अशी ती रचना होती. घरोघरीच्या सौर योजनेत मेलेल्या पेटीसाठी पैसा कोण बाजूला ठेवतो? ज्याने त्याने आपापला ठेवायचा, म्हणजे बहुधा कोणीच नाही.

म्हणून माझं मत असं झालं आहे. झाडाजवळचं, दोन-तीन उतारांचं छप्पर असेल आणि वर चढायला पक्का जिना असेल तर पाठीवर पेटी असलेला पॅनल घ्यावा. शाळेच्या मोकळ्या पत्र्यासाठी हाताला लागेल असा एकच इन्व्हर्टर बरा. जिथे रोज लाइट जाते तिथे बॅटरीशिवाय यातलं काहीच घेऊ नये. आणि तिन्ही ठिकाणी, सही करण्याआधी, सहाव्या वर्षी वर कोण चढणार आणि किती रुपये घेणार हे कागदावर लिहून घ्यावं. गुरुजींनी ते विचारलं होतं. तरुणाने आकडा सांगितला: उन्हाळ्याचा वेगळा आणि जुलैचा दुप्पट.