शिरायला जागा, निघायला वाट

अमेरिकेत गाडीत इंधन भरून मिळेल अशी ठिकाणं दीड लाखाच्या घरात आहेत. तिथल्या इंटरस्टेट महामार्गांची एकूण लांबी साधारण ७८ हजार किलोमीटर. हे सगळे पंप उचलून त्या महामार्गांवर ओळीनं मांडले, तर दर अर्ध्या किलोमीटरला एक येईल. एवढी रेलचेल असलेल्या देशात कुणी आदल्या रात्री लॅपटॉप उघडून उद्याच्या पंपाचा उपग्रहातून घेतलेला फोटो न्याहाळत बसला असेल, तर तो बहुधा मोठ्या मोटरहोमचा चालक असतो. पंप आहे का, हे तो बघत नसतो. तिथून बाहेर कसं पडायचं, ते बघत असतो.

मोटरहोम, म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंग आणि जनरेटरसकट पळणारं घर. आरव्ही या नावाखाली ही मोटरहोमं येतात आणि गाडीमागं ओढायचे ट्रेलरही. २०२१ सालच्या एका पाहणीत १ कोटी १२ लाख अमेरिकन कुटुंबांकडे यातलं काही ना काही होतं. त्याच वर्षी कारखान्यांतून ६ लाखांहून जास्त नव्या आरव्ही बाहेर पडल्या, त्यातल्या बहुतेक एकट्या इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परगण्यातून. उन्हाळ्याच्या सुट्टीत यलोस्टोनला जाण्यासाठी तिथली मराठी कुटुंबं भाड्यानं घेतात ती पंचवीस-तीस फुटी. ती थोड्या कसरतीनं कुठल्याही पंपावर मावते. आपला विषय तिच्या थोरल्या बहिणीचा. लांबी ४५ फूट, आरसे सोडून रुंदी साडेआठ फूट, उंची साडेबारा-तेरा फूट, भरल्यावर वजन २० टनांच्या पुढं. हे घर एकदा मुक्कामी लावलं की दूध आणायला ते काढता येत नाही, म्हणून मागं एक छोटी मोटार जोडलेली असते. सगळी वरात ६० ते ६५ फुटांची, म्हणजे जवळजवळ २० मीटर. आणि बऱ्याच राज्यांत हे प्रकरण स्वतःच्या हौसेसाठी चालवायला ट्रकवाल्याचा व्यावसायिक परवाना लागत नाही!

खरी मेख त्या मागच्या मोटारीत आहे. ती चारही चाकांवर, टो बारनं ओढली जाते. पुढं जाताना मुकाट येते. मागं ढकलली की तिची पुढची चाकं मनाला येईल तिकडं वळतात आणि सगळा सांगाडा पिळतो. म्हणून रिव्हर्स जवळपास नाहीच. पंपावर अडकलात तर खाली उतरायचं, साखळ्या सोडायच्या, विजेची वायर काढायची, खिळ्या उपसायच्या. आणि गाडी तिरकी अडकली असेल तर ताणाखाली आवळलेल्या त्या खिळ्या निघता निघत नाहीत. मागं उभी असलेली माणसं तोवर हॉर्न वाजवतात.

वळण्याचं गणित तर पायथागोरसचंच आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत २६ फूट अंतर असलेली गाडी ४२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात वळवा. मागची चाकं पुढच्यांच्या मागावर येत नाहीत, ती आतल्या बाजूनं जवळजवळ ९ फूट कोपरा कापतात. त्या ९ फुटांत पंपाचा चौथरा असतो, कचऱ्याचा डबा असतो, आणि पंपाच्या रक्षणासाठी रोवलेला पिवळा लोखंडी खांब तर हमखास असतो. त्यात मागच्या चाकांच्याही मागं दहा-बारा फूट धूड लोंबत असतं. गाडी उजवीकडं वळली की ही शेपटी आधी डावीकडं झुलते, त्याच वळणावर सुमारे २ फूट. पंप डाव्या हाताला दीड फुटावर असेल तर पुढचं सांगायला नको. चालकाला यातलं काही दिसत नाही. तो ४० फूट पुढं बसलेला असतो आणि त्याच्या खिडकीतून सगळं उत्तम चाललेलं असतं.

आता टाकी. मोठ्या डिझेल मोटरहोमची टाकी १०० ते १५० गॅलनची. १५० गॅलन म्हणजे ५६८ लिटर. नुसतं भरलेलं डिझेलच पावणेपाचशे किलो भरतं. गॅलनला ८ मैल, म्हणजे लिटरला ३.४ किलोमीटर, हा चांगला हिशेब. न्यू जर्सीतून निघून सॅन फ्रान्सिस्कोला संपणारा आय-८० हा महामार्ग सुमारे २,९०० मैलांचा आहे. तो एकदा पार करायला साधारण १,३७० लिटर लागतात. टाकीचा शेवटचा पाव हिस्सा मात्र हिशेबात धरायचा नाही. घरातला जनरेटर त्याच टाकीतून पितो, पण त्याची नळी मुद्दाम वर ठेवलेली असते, म्हणजे पाव टाकी उरली की जनरेटर बंद. रात्रभर एसी चालवून सकाळी गाडीच निघाली नाही, असं होऊ नये म्हणून.

एवढी टाकी असल्यामुळं भीतीचा नकाशा उलटा होतो. युटामध्ये ग्रीन रिव्हर ते सलायना हा आय-७० चा सुमारे १७० किलोमीटरचा पट्टा सबंध इंटरस्टेट जाळ्यातला सर्वांत लांब निर्जन पट्टा समजला जातो. ना पंप, ना खानावळ. छोट्या मोटारीवाला तिथं काट्याकडं बघत जातो. मोटरहोमला तो जेमतेम ५० लिटरचा. तिच्या चालकाच्या पोटात गोळा येतो तो गावात, जिथं प्रत्येक चौकात पंप आहे आणि एकातही वळायला जागा नाही.

म्हणून ट्रकवाल्यांच्या थांब्यांकडं धाव. पायलट-फ्लाइंग जे, लव्ह्ज आणि टीए या तीन मोठ्या साखळ्यांची मिळून दीड हजारांवर ठाणी आहेत. दीड लाखांतले दीड हजार, म्हणजे शंभरात एक. छोटी-मोठी इतर ठाणी धरली तरी चाळण बारीकच. पण ही ठाणी बांधलेलीच ७० फुटी ट्रकसाठी आहेत: एका बाजूनं शिरा, सरळ पुढं निघा. आयोवातल्या वॉलकॉट गावचं ‘आयोवा ८०’ हे १९६४ सालापासूनचं ठाणं स्वतःला जगातलं सर्वांत मोठं म्हणवतं. तिथं सुमारे ९०० ट्रक उभे राहू शकतात.

इथल्या नळीचा आकडा मला सर्वांत चक्रावून टाकतो. अमेरिकेत मोटारींच्या पेट्रोल नळीला कायद्यानं मिनिटाला १० गॅलनची मर्यादा आहे. ट्रकच्या लेनमधली डिझेलची जाड नळी मिनिटाला ४० गॅलनही ओतू शकते, म्हणजे दीडशे लिटर. लिटरभर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. गुणाकार केला तर त्या एका नळीतून ९० मेगावॅट दरानं ऊर्जा वाहते. आपल्या कोयना प्रकल्पाची सगळी वीजघरं मिळून १,९६० मेगावॅट. बावीस नळ्या एकदम उघडल्या की झाली बरोबरी! इंजिन त्यातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता म्हणून उधळून टाकतं, हे खरं. शिवाय मोटरहोमच्या टाकीचा गळा अरुंद असतो. डिझेल फेसाळतं, नळी खटकन बंद पडते, म्हणून चालक घोडा अर्धवटच दाबतो. तोवर मागं खोळंबलेला ट्रकवाला घड्याळ बघत असतो, कारण त्याला दिवसाला अकराच तास चालवायची मुभा आहे. भरून झालं की गाडी पुढच्या रेषेपर्यंत घ्यायची आणि मगच कॉफीला जायचं, हा तिथला शिष्टाचार. तो न पाळणारे हौशे बरेच, आणि ट्रकवाल्यांचा राग मला तरी रास्त वाटतो.

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटरहोमचे हाल मात्र कुत्रा खात नाही. फोर्डच्या एफ-५३ सांगाड्यावर बांधलेल्या घराची टाकी ८० गॅलनपर्यंत असते आणि ट्रकच्या लेनमध्ये पेट्रोल मिळत नाही. त्याला जावं लागतं मोटारींच्या गर्दीत, छताखाली, सगळ्यांत कडेचा पंप धरून. टेक्सासात लुलिंगला २०२४ साली उघडलेल्या बकीज दुकानाबाहेर १२० पंप आहेत. ट्रकना तिथं बंदी, आरव्हीला नाही. पण १२० पंप म्हणजे १२० जागा नव्हेत. पुढं-मागं मोटारी उभ्या असताना ६० फुटी वरातीला उपयोगी पडतील असे त्यातले थोडेच.

पैसे देतानाही माप आडवं येतंच. पंपावर कार्ड घासलं की एका वेळची मर्यादा असते. २०२२ साली व्हिसा आणि मास्टरकार्डनं ती १२५ वरून १७५ डॉलरवर नेली. गॅलनला ४ डॉलर धरले तर १०० गॅलनचे ४०० होतात. म्हणजे तीनदा कार्ड घासा, किंवा आत जाऊन आधी पैसे मोजा.

विजेवरच्या गाड्या आल्या तेव्हा हे सगळं शिकून झालं असेल असं वाटलं होतं. पण अमेरिकेतले बहुतेक चार्जर पार्किंगच्या टोकाला आहेत: नाक भिंतीकडं करून शिरा, मागं येत बाहेर पडा. ट्रेलर ओढणाऱ्या विजेच्या पिकअपचा पल्ला निम्म्यावर येतो, त्यामुळं तिला थांबावंही जास्त वेळा लागतं. ३५० किलोवॅटचा चार्जर वेगवान समजतात. ट्रकच्या डिझेल नळीचा दर त्याच्या अडीचशे पटींहून जास्त. तेव्हा दर थांब्याला ट्रेलर सोडायचा, कुठंतरी बाजूला लावायचा, अर्धा-पाऊण तास गाडी चार्ज करायची आणि परत येऊन ट्रेलर जोडायचा. आरपार जाता येईल अशा चार्जरच्या जागा आता काही ठिकाणी होऊ लागल्या आहेत, पण त्या मोजक्याच. विजेची पिकअप घेऊन ट्रेलर ओढणाराही मग आदल्या रात्री लॅपटॉप उघडतो.