कपाट उघडावं, तर कपडे अंगावर!

‘घालायला एक धड कपडा नाही’ आणि ‘ठेवायला जागा नाही’ ही दोन वाक्यं आपण बायका एकाच कपाटासमोर उभ्या राहून म्हणतो. पुष्कळदा एकाच दिवशी म्हणतो आणि दोन्ही वेळा अगदी मनापासून म्हणतो. लग्नाला जायचं असतं, रिक्षा दाराशी येऊन उभी असते. हवी ती साडी सापडते, तर तिच्यावरचा ब्लाउज सापडत नाही. ब्लाउज मिळाला, तर तो दंडात शिरत नाही. खालची घडी ओढावी, तर वरचा ढीग धबाधबा अंगावर! शेवटी नेहमीचीच हाताशी असलेली साडी नेसून निघायचं आणि कपाटाचं दार पाठीनं ढकलून लावायचं.

तसं दर दिवाळीला आपण कपाट आवरतोच की! सगळे कपडे काढतो, नव्यानं घड्या घालतो आणि होते तिथेच ठेवून देतो. आठ दिवस कपाट देखणं दिसतं. पंधराव्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या! असं होतं, कारण आपण घड्या बदलतो, पण कपडे कमी करत नाही. कपाट आवरणं हे हातापेक्षा मनाचं काम आहे. प्रत्येक कपडा हातात घेऊन ‘हा राहणार की जाणार?’ हे ठरवावं लागतं, आणि नेमकं तेच आपण पुढच्या दिवाळीवर ढकलतो.

दिवस कोणता, वेळ किती?

पावसाळ्यात हे काम काढूच नये. हवेतला दमटपणा कपड्यांत शिरतो आणि तोच आपण घडीत बंद करून ठेवतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस किंवा माघ-फाल्गुनातलं ऊन यासाठी उत्तम. मृगाच्या आधी, मे महिन्यात, पुन्हा एकदा वरवरचा हात फिरवावा.

सगळं कपाट एकदम पलंगावर रिकामं करण्याचा उत्साह मात्र आवरा. दुपारी बारा वाजता सुरुवात होते, पाचला मुलं शाळेतून येतात आणि रात्री झोपायला जागा नाही म्हणून ते सगळं पुन्हा कोंबलं जातं. त्यापेक्षा एका दुपारी एकच खण घ्या. पाच खणांचं कपाट असेल तर पाच दुपारी. जेवणं उरकल्यावर दीड-दोन तास पुरतात.

चार ढीग करा

खण रिकामा झाला की आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं पुसून दार उघडं ठेवा. खण वाळेपर्यंत कपड्यांचे चार ढीग करा: रोजचे, ठेवणीतले, दुरुस्तीचे आणि द्यायचे.

रोजच्या ढिगाला फारसा विचार लागत नाही. गेल्या वर्षभरात जे अंगावर आलं, ते रोजचं. आठवत नसेल, तर ते रोजचं नाही.

दुरुस्तीचा ढीग सगळ्यांत फसवा. हुक तुटलेला ब्लाउज, फॉल उसवलेली साडी, चेन बिघडलेली पँट, नाडी नसलेला परकर, हे सगळं ‘नंतर करू’ म्हणून कपाटात परत जातं आणि जागा अडवतं. हा ढीग कपाटाबाहेर, डोळ्यांसमोर पिशवीत ठेवा. पंधरा दिवसांची मुदत द्या. हातशिलाईचं दुपारी करा, मशिनीचं शिंप्याकडे टाका. पंधरा दिवसांत ज्याला हात लागला नाही, त्याची तुम्हांला गरज नाही असं खुशाल समजा.

साड्यांची खरी अडचण साडीत नसून ब्लाउजमध्ये असते. साडी बाई जाड झाली काय, बारीक झाली काय, सगळ्यांना बसते. ब्लाउज बसत नाही. म्हणून ठेवणीतल्या प्रत्येक साडीचा ब्लाउज त्याच दिवशी घालून बघा. आत शिलाईची माया असेल तर उसवून सैल करता येतो. नसेल तर काळा, सोनेरी आणि मोतिया असे तीन चांगले ब्लाउज शिवून घ्या. अडलेल्या कितीतरी साड्या त्यांवर नेसता येतील. साडी, ब्लाउज आणि परकर एकाच घडीत ठेवण्याची सवय लावली, तर आयत्या वेळची निम्मी धावपळ वाचते.

द्यायचं ते कसं द्यावं?

‘आत्या रागावेल’, ‘माहेरची आठवण आहे’, ‘केवढ्याला घेतली होती!’ या तीन कारणांनी द्यायचा ढीग वाढतच नाही. पैसे तर साडी घेतली त्या दिवशीच गेले. कपाटात ठेवून ते परत येत नाहीत. आत्यानं साडी दिली ती प्रेमानं. ते प्रेम तुम्हांला पोचलं आहे. रंग आवडत नसेल तर ती आवडीनं नेसेल अशा जावेला, भाचीला द्या.

बोहारीण अजून दारावर येत असेल तर ठीकच. पण एका स्टीलच्या डब्यासाठी सात-आठ चांगले कपडे देण्याआधी डब्याची गरज आहे का, तेही बघा. नाहीतर कपाटातली अडगळ स्वयंपाकघराच्या माळ्यावर जायची! घरकामाच्या बाईंना द्यायचं असेल तर धुऊन, बटणं लावून, इस्त्री करून द्या आणि ‘तुम्हांला चालेल का?’ असं आधी विचारा. विटलेलं, फाटलेलं कुणाला देऊ नये. त्याची फडकी होतात. जुनी सुती लुगडी आणि साड्या यांची गोधडी होते. सुती कापड जितकं धुतलेलं, तितकी गोधडी मऊ.

सासूबाई गेल्यावर त्यांची लुगडी वर्षानुवर्षं तशीच खणात असतात. काढवत नाहीत आणि वापरवत नाहीत. इथे घाई करू नये. पण सगळं गाठोडं ठेवलं म्हणजे आठवण जास्त राहते असंही नाही. त्यांच्या अंगावर आपण नेहमी बघितलेलं एक लुगडं घडी घालून जपावं. बाकीच्यांच्या गोधड्या शिवून मुलांना, नातवंडांना एकेक द्यावी. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरहून जास्त कापड. दोन-तीन लुगड्यांत एक चांगली ऊबदार गोधडी होते. यजमानांना आणि नणंदांना विचारूनच हे करावं. ती वस्तू एकट्या आपली नसते.

ठेवणीतलं खरंच जपलं जातं का?

आता मुख्य मुद्दा. येवल्याची पैठणी, लग्नातला शालू, कांजीवरम हे आपण जिवापाड जपतो. म्हणजे काय करतो? प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतो, वर चार साड्या रचतो आणि पाच वर्षं हात लावत नाही. मग मुलीच्या साखरपुड्याला बाहेर काढावी, तर घडीवर बोट ठेवताच कापड चरकन फाटतं. वापरून कधी फाटली नसती ती साडी ठेवून फाटते!

रेशीम एकाच जागी वर्षानुवर्षं दुमडलेलं राहिलं की घडीच्या रेषेवर त्याचे तंतू तुटतात. जरीच्या काठाजवळ ते आणखी लवकर तुटतात. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला. जर आतल्या बाजूला घ्या. साडी सावलीत, वाऱ्यावर तासभर पसरून मगच ठेवा. रेशमाला कडक ऊन दाखवू नये, रंग विटतो. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. त्याऐवजी धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा. जड जरीची साडी तारेच्या हँगरवर टांगू नका. स्वतःच्याच वजनानं ती तिथे चिरते. नेसल्यावर अंगावर अत्तर किंवा सेंट फवारू नका, त्यानं जर काळवंडते आणि रेशमावर डाग पडतो.

खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. त्यामुळे जुन्या साडीच्या जरीलाही किंमत असते. दारावर येणाऱ्याला ती घाईनं विकू नका. आधी ओळखीच्या सराफाकडून जर तपासून घ्या. तांब्याची किंवा नुसती चकचकीत जर असेल तर तेही कळेल. साडीचं अंग विरलं आणि काठ-पदर शाबूत असले, तर ते उतरवून नव्या रेशमी साडीला लावता येतात. नाहीतर नातीला झकास परकर-पोलकं होतं.

कसर आणि डांबरगोळ्या

आपण ज्याला सरसकट कसर म्हणतो, ते किडे दोन प्रकारचे. एक चंदेरी, चपळ, दार उघडताच पळणारा. त्याला खळ, कागद आणि सुती कापड आवडतं. म्हणून खळ केलेल्या सुती साड्या बराच काळ ठेवायच्या असतील, तर खळ धुऊन काढूनच ठेवा. दुसरी लहानशा पतंगाची अळी. ती लोकर आणि रेशीम खाते, आणि घामाचा किंवा अन्नाचा डाग असलेली जागा आधी धरते. एकदाच घातलेला स्वेटर ‘स्वच्छच आहे’ म्हणून तसाच ठेवू नका. धुऊन, उन्हात खडखडीत वाळवूनच पेटीत घाला.

वाळवलेला कडुनिंबाचा पाला, वेखंडाचे तुकडे, लवंगा यांच्या मलमलीच्या पुरचुंड्या कोपऱ्यात ठेवाव्यात. वास उडाला की बदलाव्यात. पाला, केवडा, दवणा ओला असताना मात्र कपड्यांत घालू नका. ओलीनं डाग पडतात. एवढ्यानं सगळी कीड जाईल असं नाही. स्वच्छ कपडे आणि वरचेवर हलवणं, हाच मुख्य उपाय.

डांबरगोळ्या वापरत असाल तर नीट वाचा. गोळ्या कापडाला आणि जरीला लागू देऊ नका, कापडात बांधून कोपऱ्यात ठेवा. लहान मुलाच्या हाताला त्या लागता कामा नयेत. पांढऱ्याशुभ्र दिसतात, मुलं गोळी समजून तोंडात घालतात, आणि ते विष आहे. तान्ह्या बाळाची दुपटी, झबली, लोकरी शाली यांत तर या गोळ्या मुळीच घालू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची कमतरता असते, आणि ते आपल्याला वरून कळत नाही. अशा बाळाला डांबरगोळ्यांच्या वाफेनं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून जबर कावीळ होऊ शकते. बाळंतपणाला आलेल्या लेकीसाठी जुन्या पेटीतून दुपटी काढणार असाल, तर ती धुऊन, दोन-तीन दिवस उन्हावाऱ्यात ठेवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरा.

परत ठेवताना

रोजचं डोळ्यांच्या उंचीवर, मुलांचं त्यांच्या हाताला येईल असं खाली, लोकरी आणि वर्षातून एकदा लागणारं सर्वांत वर. मुलांचा खण मुलांनाच लावू द्या. थोडा वेडावाकडा लागला तरी चालेल. यजमानांचे शर्ट त्यांच्यासमोरच निवडा. न विचारता दिलेला शर्ट नेमका त्यांच्या आवडीचा निघतो!

खणात वर्तमानपत्र अंथरण्यापेक्षा जुनं पांढरं सुती कापड अंथरा, म्हणजे शाई लागत नाही आणि लोखंडी खणाच्या गंजाचा डागही पडत नाही. कपाट भिंतीला चिकटवू नका. दोन-तीन बोटं जागा सोडली की भिंतीची ओल आत येत नाही. प्रत्येक खणात वरती वीतभर जागा रिकामी राहिली पाहिजे. ती मोकळी दिसते म्हणून भरू नका.

आणि एक खण स्वतःचा ठेवा. कितीतरी घरांत मधले खण बाकीच्यांचे आणि घरच्या बाईचे कपडे पलंगाखालच्या बॅगेत, अशी वाटणी असते. आवरणारी तुम्ही, तर हाताशी येणारा एक खण हक्कानं तुमचा.

मग नेसायची कधी?

कपाट आवरून झालं की ठेवणीतल्या साड्या मोजा. समजा बारा निघाल्या. मग महिन्याला एक नेसली तरी वर्षात सगळ्या नेसून होतात. हळदीकुंकू, भिशी, शाळेचं संमेलन, मंगळागौर, स्वतःचा वाढदिवस, असे दिवस शोधावे लागत नाहीत. ‘कुणाच्या लग्नाला होईल’ म्हणून राखलेली साडी ते लग्न येईपर्यंत घडीवर विरलेली असते. नेसली की ती उलगडते, तिला वारा लागतो आणि नवी घडी पडते. म्हणजे नेसणं हेच तिला जपणं आहे.

कपाटाच्या दाराला आतून चिकटवा

१. एक नवा कपडा आत आला, तर एक जुना बाहेर.
२. दर तीन-चार महिन्यांनी रेशमी साड्यांच्या घड्या बदलणे.
३. घामाचा कपडा न धुता ठेवायचा नाही.
४. साडी, ब्लाउज, परकर एकत्र.
५. दुरुस्तीच्या पिशवीला पंधरा दिवस.
६. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी नाही.
७. या महिन्यात ठेवणीतली कोणती नेसली? (तारीख लिहा.)