तीन दोरांची होडी

ट्रेलरवरून आणायची होडी खरा वेळ खाते ती काठावर. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या हिकलिंग ब्रॉडवर सुट्टीच्या सकाळी उतारापाशी नुसतं उभं राहिलं तरी हे कळतं. कुणी तारांचा गुंता सोडवतोय, कुणी गवतात पडलेली पिन शोधतोय, आणि डोलकाठी धरून उभ्या असलेल्या बायकोचा संयम संपत आलाय. चांगला वारा तेवढा फुकट जातो.

माझ्या मित्राची होडी याच जातीची. पंधरा फुटी, प्लायवूडची, मोठं शीड आणि त्याच्या पुढे लहान जिब. ॲल्युमिनियमची डोलकाठी होडीपेक्षा चांगली पाच-सहा फूट लांब; रस्त्यावर ती मागे लोंबते आणि काठावर उभी करताना आधी डोक्यावरच्या विजेच्या तारा बघाव्या लागतात. तिला आधार तीन तारांचा, एक नाळेकडे आणि दोन बाजूंना. शिवाय शिडं चढवायचे दोर, आवरायचे दोर, बूम खाली दाबून धरायचा दोर, कडा ताणायचे दोर. मित्र मूळचा मालवणचा. यातलं निम्मं लटांबर काढायचं असं त्याने हिवाळ्यात ठरवलं आणि मला गॅरेजात मदतीला जुंपलं.

त्याने निवडलं ते बॅलन्स्ड लग जातीचं शीड. एकच चौकोनी शीड, वरच्या कडेला परबाण, म्हणजे शीड टांगायची काठी, खालच्या कडेला बूम, आणि शिडाचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढे. परबाणाचं मागचं टोक उंच चढतं, म्हणून डोलकाठी आखूड चालते. आमची नवी काठी चौदा फुटी. परबाण, बूम सगळं होडीच्या पोटात मावतं. आपल्याकडच्या मचव्यालाही परबाण असतं, पण दिशा बदलताना ते डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूला न्यायचं म्हणजे खलाशांची कसरत. लगचं परबाण कायम एकाच बाजूला राहतं. एका दिशेने जाताना शीड काठीवर दाबलं जातं, थोडं कुरूप दिसतं, पण चालतं.

तारा काढल्या म्हणजे त्यांच्यावरचा भार नाहीसा होत नाही. आधी तो तारांतून होडीच्या कडांना जायचा. आता काठी आडव्या फळीतून जिथे आरपार जाते, तिथे सगळा वाक येतो. म्हणून गॅरेजातला बराचसा वेळ शिडावर गेलाच नाही. फळी जाड केली, तिच्या खाली दोन्ही बाजूंना ब्रॅकेट बसवली, काठीच्या पायाखालचा ठोकळा इपॉक्सीने पक्का केला. ही मेहनत टाळून नुसत्या तारा काढणारा माणूस पहिल्या जोरदार झोतात फळीच उखडून घेईल.

काठी कुठे रोवायची हा दुसरा प्रश्न. मित्राने जुन्या आणि नव्या शिडांचे पुठ्ठे कापले, टाचणीवर तोलून त्यांचे मध्यबिंदू काढले आणि होडीच्या चित्रावर मांडले. जिब गेली की शिडाचा जोर मागे सरकतो आणि होडी सारखी वाऱ्याकडे तोंड वळवू पाहते. सुकाणू धरणाऱ्याचा हात भरून येतो. जोर पुन्हा जुन्या जागी आणायला काठी बरीच पुढे न्यावी लागली.

हा सगळा शहाणपणा नॉरफोकला नवा नाही. इथल्या नद्यांवरून माल वाहणाऱ्या व्हेरी एकाच प्रचंड काळ्या शिडावर चालत. बाजूच्या तारा नाहीत, पुढे फक्त एक. शीड चढवायला एकच दोर, तोही विंचवर. काठीच्या बुडाशी शिशाचं वजन, त्यामुळे पूल आला की काठी आडवी करायची आणि पलीकडे पुन्हा उभी. दोन माणसांत, बहुधा एक बाप्या आणि एक पोरगा, एवढ्यावर धंदा चाले. १८९८ साली बांधलेली ‘ॲल्बियन’ अजून पाण्यावर आहे. १९४९ साली स्थापन झालेला नॉरफोक व्हेरी ट्रस्ट ती सांभाळतो.

वसंतात होडी पाण्यात गेली. काठी भोकात सोडली, शीड चढवलं, आणि पुढच्या वरच्या कोपऱ्यापासून मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी चुणी पडली. बूम खाली ओढणाऱ्या दोराला कप्प्या लावून त्याची ताकद चौपट केलेली. मित्र तो ओढत गेला तशी चुणी विरली आणि उलट्या कर्णावर, परबाणाच्या उंच टोकापासून पुढच्या खालच्या कोपऱ्याकडे, दुसरी हलकी चुणी उमटली. ती हवीच असते. वारा भरला की शीड सपाट होतं. या जातीच्या शिडाचा जीव या एका दोरात आहे. तो सैल सोडून ‘लग काही पुढे सरकत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

तर उरले तीन दोर: चढवायचा, खाली ताणायचा आणि हातात धरायचा. वारा वाढला की परबाण थोडं उतरवून शिडाची खालची पट्टी बूमला बांधायची, झालं.

तोटा आहे. वाऱ्याच्या तोंडावर चढताना जिबवाल्या होड्या आमच्यापेक्षा सरळ जातात. वळताना नाळ फिरवायला जिबची मदत नाही, म्हणून वेग धरूनच वळावं लागतं. शर्यतीला हे परवडणार नाही. संध्याकाळच्या दोन तासांसाठी होडी काढणाऱ्याला, माझ्या मते, बिनदिक्कत परवडतं.

जुनी काठी, तारा आणि जिब असा अख्खा संच एका शर्यतवाल्याने नेला. त्याला अजून दोन दोर वाढवायचे आहेत.