कॅप्टन झोपला होता, तरी मॅच जिंकली!

आपल्या कोल्हापुरात पेठेपेठेत फुटबॉल आहे. काल गोल मारणारा पोरगा उद्या कोच झाला, की साइडलाइनवर त्याचेच पाय शिवशिवतात. उद्यमनगरात स्वतःचं वर्कशॉप टाकणाऱ्या कारागिराचंही तसंच होतं बघा. हातात कसब लई, म्हणून लेथ सोडवत नाही. आणि कोटेशन, वसुली, जीएसटी पडून राहतं.

आज यावर एका क्रिकेटवाल्याचं उदाहरण घेऊ. अजित वाडेकर. स्टेट बँकेत नोकरी आणि ३७ कसोटी. (नोकरी सोडूनच धंदा सुरू करायचा म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्या.)

२४ ऑगस्ट १९७१, ओव्हल. इंग्लंडमधला आपला पहिला कसोटी विजय हाताशी आला होता. कॅप्टन वाडेकर सकाळीच ४५ वर धावबाद झाले. मग काय केलं? ड्रेसिंग रूममध्ये चक्क झोपले! जिंकल्यावर केन बॅरिंग्टननी येऊन उठवलं, असं सांगतात. बाद झालेल्या माणसानं पोरांना बाहेरून ओरडून काय मिळणार होतं?

तीनच वर्षांनी, १९७४ ला, त्याच इंग्लंडमध्ये ३-० हार. लॉर्ड्सवर सगळे मिळून ४२. वाडेकरांनी बॅट ठेवली.

१९९२ ला ते भारतीय संघाचे मॅनेजर झाले. २७ मार्च १९९४, ऑकलंड. सिद्धूची मान आखडली. मधल्या फळीतला सचिन म्हणाला, मला सलामीला पाठवा. वाडेकर आणि अझर हो म्हणाले. ४९ चेंडूंत ८२! मॅनेजरनं त्या दिवशी एकही चेंडू खेळला नाही, फक्त माणूस योग्य जागी लावला. माझ्या मते मालकाचं खरं काम एवढंच.

पुढं ते निवड समितीचे अध्यक्ष झाले. २००१ ला मुंबई क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदाला उभे राहिले आणि शरद पवारांकडून हरले. तिथं धावा नाही, मतं मोजतात.

आता तुमचं बघू. उद्या वहीत लिहा, मशीनवर किती तास गेले आणि हिशेब-वसुलीत किती. मशीनचा आकडा मोठा असेल, तर एक जॉब हाताखालच्या पोराला द्या. पहिला पीस बिघडला तर बिघडू दे. तेवढ्या वेळात पैसे थकवलेल्या तीन पार्ट्यांना फोन लावा.